वेगळे बिऱ्हाड आणि बदलीचा हुकूम

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींत एक मत फार आदराने मांडले जाते. एकत्र कुटुंब ही आपल्या समाजाची मोठी ठेव असून आजची तरुण पिढी ती मोडीत काढीत आहे, असे ते मत. गणेशोत्सवाच्या मंडपात, महाराष्ट्र मंडळाच्या सभेनंतरच्या चहापानात, कार्यालयातील जेवणाच्या सुट्टीत, जेथे जेथे चार मराठी माणसे एकत्र येतात तेथे तेथे हे मत ऐकू येते आणि त्यावर माना डोलतात. ह्या मताच्या खरेखोटेपणाविषयी आज आम्हांस वाद घालावयाचा नाही. आमचा आक्षेप आहे तो ते मांडणाऱ्यांच्या अधिकाराविषयी. आईवडिलांपासून हजार-दीड हजार किलोमीटरांवर स्वतंत्र बिऱ्हाड थाटून बसलेल्या माणसाने घरी राहिलेल्या भावाला 'घर सोडू नकोस' असे बजावण्याचा अधिकार कोठून आणला, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रश्न हवेतला वाटू नये म्हणून तो नेहमी ज्या स्वरूपात उभा राहतो ते स्वरूप प्रथम सांगतो. डोंबिवलीसारख्या ठिकाणी दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढी जागा. वडील सत्तरीच्या पुढे गेलेले, आईचे गुडघे धरलेले. थोरला मुलगा कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा देऊन दिल्लीच्या एखाद्या कार्यालयात लागलेला आणि तेथेच संसाराला लागलेला. धाकटा मुंबईत खाजगी नोकरीत, सकाळी सातची लोकल धरणारा. घरात त्याची पत्नी आणि दोन मुले. थोरली मुलगी दहावीत गेली आहे आणि तिला वही उघडून बसायला कोपरा नाही. आजोबांना बातम्या मोठ्याने लावल्याशिवाय ऐकू येत नाहीत. नवराबायकोला चार शब्द बोलावयाचे तर गच्चीवर जावे लागते. वर्ष-दोन वर्षे विचार करून धाकटा असे ठरवू पाहतो की, त्याच गल्लीत, दोन इमारती पलीकडे, भाड्याने जागा घ्यावी. घरात बोलणे होते. वडील 'बघा, तुम्हांला योग्य वाटेल ते करा' म्हणतात. आई काहीच म्हणत नाही. आणि त्याच रात्री दिल्लीहून फोन येतो : 'आई-बाबांना टाकून निघालास? लोक काय म्हणतील?'

ही हकीकत कोणा एका कुटुंबाची नव्हे. नावे आणि गावे बदलून ती ह्या मासिकाच्या पुष्कळ वाचकांच्या घरी घडली आहे, आणि तो फोन करणारे बहुधा आपल्यातीलच कोणीतरी असतात.

आता ह्या दोन भावांच्या स्थितीची तुलना करून पाहू. धाकटा आईवडिलांपासून दोनशे पावलांवर जाणार आहे. रात्री-अपरात्री हाक आली तर तो पाच मिनिटांत दारात उभा राहील. थोरल्याला पुण्या-मुंबईहून निरोप गेला तर आगगाडीत त्याचा जवळजवळ एक दिवस जाणार, आणि विमानाने निघाला तरी रजा मंजूर होईपर्यंत तो निघणार नाही. तरीही घर 'सोडले' ते धाकट्याने. थोरला मात्र 'नोकरीनिमित्त बाहेर' आहे. धाकट्याच्या दोनशे पावलांना पाप म्हणावयाचे आणि थोरल्याच्या चौदाशे किलोमीटरांना कर्तव्य म्हणावयाचे, हा कोठला न्याय?

ह्या न्यायाचे मूळ एका कागदात आहे. तो कागद म्हणजे नियुक्तीचा किंवा बदलीचा हुकूम. आपल्या समाजात विभक्त होण्याची इच्छा बोलून दाखविणे हे लाजिरवाणे मानले गेले आहे. परंतु तीच इच्छा सरकारी शिक्क्यानिशी पूर्ण झाली तर तिच्यात लाज उरत नाही. हुकूम आला, जाणे भाग आहे, असे म्हटले की आईही डोळे पुसून डबा बांधून देते. आपल्यापैकी कित्येकांना स्वतंत्र संसार मिळाला तो असा, कोणाला काही न विचारता आणि कोणाला काही न सांगता. ज्याला हा कागद मिळाला नाही त्याला मात्र तीच गोष्ट स्वतःच्या तोंडाने मागावी लागते, स्वतःच्या पैशाने करावी लागते आणि वर दोषही पत्करावा लागतो. पैशाचीही गोष्ट थोडी नव्हे. सरकारी नोकराला निवासस्थान मिळते. न मिळाले तर घरभाडे भत्ता मिळतो, आणि महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर पोचल्यावर 1 जानेवारी 2024 पासून दिल्ली-मुंबईसारख्या शहरांत तो मूळ वेतनाच्या 30 टक्के झाला. धाकट्याच्या भाड्याचा भार उचलणारे सरकार नाही.

ह्या कागदाचा आणखी एक चमत्कार आहे आणि तो स्त्रियांच्या वाट्याला येतो. डोंबिवलीची सून वेगळी निघाली की 'तिने घर फोडले' असे सरसकट म्हटले जाते. निर्णय नवऱ्याने घेतला असला तरी दोष तिचाच. दिल्लीला गेलेली सून मात्र 'बिचारी परमुलखात एकटी पडली' म्हणून सहानुभूतीस पात्र होते. दोघींपैकी सासूबाईंचे पथ्यपाणी, औषधांच्या वेळा, दारावर येणारे पाहुणे, देवाधर्माचे दिवस हे सर्व दहा वर्षे कोणी केले, हे कोणी विचारीत नाही. दहा वर्षे राबलेली ती घरफोडी आणि दहा वर्षांत दिवाळीच्या आठ दिवसांपुरती आलेली ती गुणी, हा हिशेब ज्याला पटत असेल त्याने तो आपल्या पत्नीसमोर मोठ्याने मांडून दाखवावा.

यावर पहिला आक्षेप येईल तो आम्हांस ठाऊक आहे. 'आम्ही आज्ञेने आलो, त्याने स्वेच्छेने निर्णय घेतला. दोहोंची तुलना कशी होईल?' आक्षेप वरवर सबळ दिसतो, परंतु टिकत नाही. आज्ञेच्या आधी अर्ज होता. तो आपण आपल्या हाताने भरला, पदांचा पसंतीक्रम आपणच लिहिला, आणि भारतात कोठेही काम करावे लागेल ही अट वाचून त्याखाली सही केली. पुढे पदोन्नतीबरोबर बदली आली तेव्हाही पदोन्नती नाकारण्याची वाट बंद नव्हती. तिची किंमत होती, साधारणतः वर्षभर पुन्हा पदोन्नतीचा विचार होत नाही, एवढेच. ती किंमत देऊन आईवडिलांजवळ राहिलेले कर्मचारी आम्ही पाहिले आहेत. बाकीच्यांनी ती दिली नाही, आणि त्यात गैर काही नाही. मनुष्याने आपला उत्कर्ष पाहावा, मुलांना चांगले शिक्षण द्यावे, पत्नीला तिचे स्वतःचे घर द्यावे, ह्या सर्व योग्यच इच्छा आहेत. आमचे म्हणणे इतकेच की, ह्या इच्छा आपल्या बाबतीत योग्य असतील तर धाकट्याच्या बाबतीतही त्या योग्यच आहेत. आपण निर्णय घेतला आणि त्याला हुकुमाचे नाव दिले. त्याने निर्णय घेतला आणि त्याला निर्णयच म्हटले. दोघांत अधिक प्रामाणिक कोण?

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. एकाच छपराखाली तीन पिढ्या ही आपली रीत, असे सांगितले जाते. पण मराठी माणसाचा इतिहास काय सांगतो? ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, तंजावर येथे मराठी कुटुंबे गेली ती घरे सोडूनच गेली. कोकणातल्या चाकरमान्याने मुंबईच्या गिरण्या चालविल्या. 1854 साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाल्यानंतरच्या शतकात हजारो घरांतून कर्ता पुरुष मुंबईस आणि बायकामुले व म्हातारी गावी, अशीच व्यवस्था होती. 1880 साली टपालखात्याची मनीऑर्डर सुरू झाली, आणि पुढे कोकणाच्या अर्थव्यवस्थेलाच लोक मनीऑर्डरची अर्थव्यवस्था म्हणू लागले. गावातले घर उभे राहिले ते बाहेर गेलेल्याच्या पैशावर आणि मागे राहिलेलीच्या कष्टावर. तेव्हा घराबाहेर पडणे ही काही कालपरवाची विकृती नव्हे. आपल्या भाषेने तर 'घर' आणि 'बिऱ्हाड' असे दोन निराळे शब्दच जपून ठेवले आहेत. बिऱ्हाड हलते, घर राहते. धाकटा हलवीत आहे ते बिऱ्हाड. तो घर मोडीत आहे असे म्हणणे हा शब्दांचाही गैरवापर आहे.

शास्त्रज्ञांतही ह्या प्रश्नाचा विचार झालेला आहे. इरावती कर्वे यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगितली : एक छप्पर, एक चूल, सामाईक मिळकत, सामाईक कुलाचार आणि परस्परांचे नाते. ह्या व्याख्येतील छप्पर आणि चूल तेवढी लोकांच्या लक्षात राहिली. परंतु आय. पी. देसाई यांनी गुजरातेतील महुवा ह्या गावाचा अभ्यास करून 1964 साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात असा विचार मांडला की, कुटुंब एकत्र आहे की नाही हे छपरावरून ठरविता कामा नये. परस्परांविषयीची कर्तव्ये आणि संबंध चालू आहेत की नाहीत, हे पाहिले पाहिजे. निराळ्या घरांत राहूनही कुटुंब एकत्र असू शकते, आणि आमच्या मते एका घरात राहूनही ते तुटलेले असू शकते. एका स्वयंपाकघरात दोन गॅस-शेगड्या आणि दोन दुधाच्या पिशव्या असलेली 'एकत्र' कुटुंबे कोणी पाहिली नाहीत?

कायद्याचे मतही ऐकून घ्यावे. केवळ निराळे राहिल्याने किंवा निराळे जेवल्याने वाटणी झाली असे हिंदू कायदा मानीत नाही. वाटणीला लागतो तो स्पष्ट इरादा. 1916 साली गिरजाबाई विरुद्ध सदाशिव धुंडिराज ह्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असा निर्णय दिला की, सहदायादाने विभक्त होण्याचा इरादा निःसंदिग्धपणे प्रकट केला म्हणजे तो विभक्त झाला. त्याला इतरांची संमती लागत नाही आणि मिळकतीची प्रत्यक्ष फोड मागाहून झाली तरी चालते. अर्थात दोन इमारती पलीकडे राहायला जाणारा मुलगा काही वाटणी मागत नाही. उलट आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी छपरावर अवलंबून नाही, हे आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या 2007 सालच्या अधिनियमाने स्पष्ट केले आहे. ती सर्व सज्ञान अपत्यांवर आहे, मुलांवर तशीच मुलींवर; आणि कोण एका घरात राहतो व कोण परगावी, असा भेद त्यात नाही. त्या अधिनियमात निर्वाहाच्या रकमेची कमाल मर्यादा दरमहा 10,000 रुपये ठेवली होती, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. मिळकतीच्या बाबतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली दिला. तेव्हा हक्कही सर्वांचा आणि जबाबदारीही सर्वांची. ती एकट्या धाकट्यावर टाकून इतरांनी पंच होऊन बसावे असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

आणि कायदाही राहू द्या. आपल्या सेवापुस्तिकेतच ह्या वादाचा निकाल लिहिलेला आहे. 1956 साली सुरू झालेल्या रजा प्रवास सवलतीसाठी आपण प्रत्येकाने आपले गृहनगर घोषित केले आहे. ही घोषणा संपूर्ण सेवेत एकदाच बदलता येते, इतके सरकारने तिला गांभीर्य दिले आहे. घोषित केलेले गाव खरोखर गृहनगर आहे की नाही हे ठरविण्याच्या कसोट्याही सरकारने दिल्या आहेत. घरगुती व सामाजिक कर्तव्यांसाठी तुमची प्रत्यक्ष उपस्थिती त्या गावी वेळोवेळी आवश्यक असते काय, आणि नोकरीत आल्यापासून तुम्ही तेथे वरचेवर जात आहात काय, ही पहिली कसोटी. मालकीच्या किंवा एकत्र कुटुंबाच्या घराची कसोटी दुसरी. जवळच्या नातलगांची तिसरी. आणि पहिली पूर्ण होत नसेल तरच दुसरीकडे वळावयाचे, असा क्रम आहे. मिळकतीच्या आधी कर्तव्य ठेवणारी घराची ही व्याख्या कोणा संताने नव्हे, एका सरकारी खात्याने केली आहे. ही पहिली कसोटी थोरल्याला लावून पाहावी. घरात आपली एक खोली कुलूप लावून ठेवणे, जुनी पुस्तके व पेट्या तेथेच ठेवणे आणि धाकट्याच्या मुलीला त्याच खोलीच्या बाहेर बसून अभ्यास करावयास लावणे, ह्याने दुसरी कसोटी पूर्ण होईल. पहिली होणार नाही.

ह्याचा अर्थ प्रत्येकाने घराबाहेर पडावे असा आम्ही उपदेश करीत आहोत, असे कोणी समजू नये. काही परिस्थितींत बाहेर पडणे चूक आहे असेच आमचे मत आहे. आईवडिलांपैकी एकच मागे राहिले असेल आणि त्यांना रात्री एकटे ठेवणे धोक्याचे असेल. कोणी अंथरुणाला खिळले असेल. घर चालते ते मुलाच्याच मिळकतीवर आणि दोन भाडी झेपणार नसतील. अशा वेळी जागेची अडचण सोसणे भाग आहे. किंवा बाहेर पडण्याचे खरे कारण जागा नसून एखादे भांडण असेल, तर ते आधी मिटवावे. भांडण घेऊन निघालेले बिऱ्हाड दोन इमारती पलीकडे नव्हे, फार दूर जाते.

परंतु तसे नसेल तर निर्णयासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत. आईवडिलांसाठी आज जी कामे होतात त्यांची यादी करून, उद्यापासून त्यातले कोणते काम कोण करणार, हे नावानिशी ठरले आहे काय? निर्णय आईवडिलांना प्रथम आणि मुलाच्याच तोंडून कळला आहे काय, की शेजारणीकडून? दरमहा किती पैसे द्यावयाचे, ते इच्छेवर न सोडता तारखेसह ठरले आहे काय? आणि ह्या संधीस मिळकतीचा विषय काढावयाचा नाही, असे सर्व भावंडांनी मान्य केले आहे काय? ह्या चारही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर मुलाने मान वर करून बाहेर पडावे. आईच्या मौनाचा अर्थही त्याने तिलाच विचारावा. दिल्लीहून येणाऱ्या फोनवर तो समजून घेऊ नये. कित्येक आयांना त्या मौनात सुटकाही असते. साठ वर्षे दुसऱ्यांच्या सोयीने स्वयंपाक केलेल्या बाईला आपल्या घरात आपल्या वेळेस चहा करून घेण्याचे सुख नको असेल, असे आपण का धरून चालावे?

आता आपल्या वाट्याचे. धाकट्याला उपदेश करण्यात जो वेळ जातो तो वाचला तर त्याचे काय करावे, हे सांगून हा लेख संपवितो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला वर्षाला 30 दिवसांची अर्जित रजा आणि 20 दिवसांची अर्धपगारी रजा मिळते. 2025 च्या जुलै महिन्यात राज्यसभेत सरकारने स्पष्ट सांगितले की, ही रजा वृद्ध आईवडिलांच्या देखभालीसह कोणत्याही वैयक्तिक कारणासाठी घेता येते. धाकट्याच्या खाजगी नोकरीत अशी सोय क्वचितच असते. आणि आपण ह्या रजेचे काय करतो? साठवितो. 300 दिवस साठवून निवृत्तीच्या दिवशी तिचे पैसे घेतो, आणि ते आकडे एकमेकांस अभिमानाने सांगतो. त्या तीनशे दिवसांतले दरवर्षी पंधरा दिवस काढून, सणासुदीला पाहुणा म्हणून नव्हे तर ऐन पावसाळ्यात किंवा मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत, घरी जावे. दवाखान्याच्या फेऱ्या, औषधांच्या वेळा, रात्रीचे उठणे हे सर्व आपल्या व आपल्या पत्नीच्या अंगावर घ्यावे, आणि धाकट्याला त्याच्या बायकामुलांसह कोठेतरी पाठवून द्यावे. कुलूप लावलेली खोली उघडून तिची किल्ली आईच्या हाती द्यावी. दरमहाच्या खर्चात आपला वाटा कोणी न मागता धाडावा. बहीण असेल तर तिला निर्णयात बोलवावे. केवळ सेवेला नव्हे.

आणि नातलगांच्या बैठकीत 'त्याने आई-बाबांना टाकले' असे कोणी म्हणाले, तर थोरल्याने स्वतः उठून उत्तर द्यावे : तो दोन इमारती पलीकडे आहे, लांब गेलो आहे तो मी. एवढे एक वाक्य ज्याच्याने बोलवेल त्याने मग एकत्र कुटुंबावर खुशाल व्याख्यान द्यावे; आम्ही पहिल्या रांगेत बसून ऐकू.